सुया टोचून पाळी येते का?

म्हसवडपासून जतपर्यंत, चुलीपुढं, गोठ्यात, शिलाई मशीनवर, जिथं कुठं बसून ऐकत असाल, तिथं रेडिओचा आवाज जरा मोठा करा. घरात वयात आलेली मुलगी असेल, सून असेल, तर तिलाही हाक मारा. आजचं बोलणं तिच्यासाठीच आहे.

गेल्या दिवाळीआधीची गोष्ट. खटाव तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बैठकीला मी गेले होते. मला बोलायचं होतं रक्त कमी असण्यावर, पण आधी गटाचं कामकाज चाललं होतं. एका मावशींनी वीस हजारांचं कर्ज मागितलं. कारण लिहिलं होतं ‘सुनेचं औषधपाणी’. अध्यक्षबाई म्हणाल्या, औषधपाणी म्हणजे काय ते नीट सांगा, वीस हजार काय थोडे नाहीत. मावशी म्हणाल्या, “शहरात सुयांचा दवाखाना निघालाय. चाळीस येळा सुया टोचल्या की पाळी सुरळीत होती, वजन उतरतं आन मूलबी राहतं म्हणं. पॅकेज हाय. पैसं आधी भरायचं.” मग माझ्याकडं वळल्या. “ताई, तुम्ही डॉक्टर हाय. सांगा, येती का वो सुया टोचून पाळी?”

सून दाराबाहेर चपलांजवळ उभी होती. वय चोवीस. लग्नाला चार वर्षं झालेली. उंची पाच फूट, वजन बहात्तर किलो, हनुवटीवर लव, आणि सात महिने पाळी नाही. सोनोग्राफीच्या कागदावर लिहिलं होतं ‘पीसीओडी’. घरात त्याचं झालं होतं ‘पिशवीला गाठी’.

या शब्दापासूनच सुरुवात करू, कारण अर्धी भीती या शब्दाची आहे. पीसीओडी म्हणा, पीसीओएस म्हणा, गाठी पिशवीला नसतात, आणि खरं तर त्या गाठीही नसतात. गर्भाशयाच्या दोन बाजूंना दोन बीजकोश असतात, ज्यांना आपण ओव्हरी म्हणतो. दर महिन्याला त्यात बरीच बीजं वाढायला लागतात. त्यातलं एक पुढं जातं, पिकतं, बाहेर पडतं. बाकीची मागं पडून सुकून जातात. तासगावकडच्या बायकांना हे लवकर कळेल. द्राक्षाची विरळणी का करता? काही मणी काढले की उरलेल्यांना फुगायला जागा आणि रस मिळतो. पीसीओडीत ही निवडच होत नाही. सगळी बीजं बारीकच राहतात, एकही पिकत नाही, आणि सोनोग्राफीत ती बारीक बारीक मण्यांसारखी दिसतात. बीज पिकून बाहेर पडलं नाही की वेळेवर पाळी नाही, आणि बीज नाही तर मूल कुठून राहणार? पिशवी चांगलीच असते. म्हणून यावर ‘पिशवी काढून टाका’ असं कुणी सांगितलं तर तिथून उठा आणि दुसऱ्या डॉक्टरांकडं जा. पीसीओडीचा तो इलाज नाही.

बीज का पिकत नाही? इथं वजनाचा संबंध येतो. जेवलं की अन्नाची साखर होऊन रक्तात उतरते. ती पेशीच्या आत जायला इन्सुलिन लागतं. रानात पाण्यावर असताना दारं मोडल्याशिवाय पाणी वाफ्यात जात नाही, तसंच. काही जणींच्या अंगात हे दार जाम होतं. मग शरीर आणखी इन्सुलिन करतं, मग आणखी. ते जास्तीचं इन्सुलिन ओव्हरीला पुरुषी संप्रेरकं जास्त करायला लावतं. त्यातूनच हनुवटीवर केस, तोंडावर पुटकुळ्या, आणि बीज अडकून पडणं. मानेवर काळी मखमलीसारखी घडी दिसते ना, जी आपण मळ समजून दगडानं घासतो, ती बहुतेक वेळा या जाम दाराचीच खूण असते. घासून ती जात नाही, कातडी मात्र सोलते. वजन वाढलं की दार आणखी जाम होतं, आणि दार जाम असलं की वजन सहज उतरत नाही. बारीक अंगाच्या बायकांनाही पीसीओडी होतो, हेही ध्यानात ठेवा. आणि आळशीपणामुळं झालाय असं म्हणून सुनेला टोमणे मारू नका. आई-बहिणीकडून येणारा भागही यात मोठा आहे.

ही दुर्मीळ गोष्ट नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं मूल होण्याच्या वयातल्या शंभर बायकांत दहा ते तेरा जणींना हा त्रास असतो, आणि त्यातल्या बहुतेक जणींना तो आहे हेच माहीत नसतं.

आता सुयांकडं येऊ. अ‍ॅक्युपंक्चर म्हणजे चिनी पद्धतीची सुई. ही इंजेक्शनची सुई नव्हे. केसासारखी बारीक, आत पोकळी नाही, औषध नाही. ठराविक जागी टोचतात आणि अर्धा तास ठेवतात. पाळीच्या तक्रारीत पोटावर आणि पायावर टोचतात. घोट्याच्या आतल्या बाजूला, चार बोटं वर, अशी एक ठरलेली जागा आहे. कधी सुयांना तार जोडून अगदी हलकी वीज देतात. आपल्याकडं पूर्वी पोटात दुखलं की डाग देत, बिब्बा घालत. त्यातला हा प्रकार नव्हे, आणि त्याच्याइतका दुखतही नाही.

चीनचं नाव निघालं की आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना डॉक्टर कोटणीस आठवतात. द्वारकानाथ कोटणीस हे शेजारच्या सोलापूरचे. 1938 साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला हिंदुस्थानातून पाच डॉक्टर गेले, त्यात ते होते. तिथंच 1942 साली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते वारले. शांतारामबापूंनी त्यांच्यावर चित्रपट काढला. पण कोटणीसांनी सुयांचं शास्त्र इकडं आणलं असं जे सांगतात ते खरं नाही. ते शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते. त्या पाचांतले दुसरे, कलकत्त्याचे डॉक्टर बिजयकुमार बसू, 1958 साली पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि त्यांनी ती भारतात रुजवली. आज महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरचा वेगळा कायदा आहे, 2015चा, आणि त्याखाली नोंदणी करणारी परिषद आहे. म्हणजे ही काही लपूनछपून चालणारी विद्या नाही. पण कायदा एवढंच पाहतो की टोचणारा शिकलेला आहे की नाही. टोचल्यानं कोणता आजार बरा होतो, हे कायदा सांगत नाही. ते तपासूनच कळतं.

आणि हे तपासलं गेलंय, मैत्रिणींनो. म्हणून तर आज बोलतेय.

आधी स्वीडनमध्ये एक अभ्यास झाला. तिथल्या संशोधक एलिझाबेत स्टेनर-व्हिक्टोरिन यांना या सुयांबद्दल बऱ्याच वर्षांपासून आस्था. 2011 साली छापलेल्या त्या अभ्यासात पीसीओडीच्या चौऱ्याऐंशी बायका होत्या. काहींना सोळा आठवडे हलक्या विजेच्या सुया, काहींना व्यायाम, काहींना काहीच नाही. सुया घेतलेल्यांची पाळी जास्त वेळा आली, पुरुषी संप्रेरकंही कमी झाली. हे ऐकून कुणालाही वाटेल, चला, सापडला इलाज. सुयांच्या जाहिरातीत बऱ्याचदा इथंच थांबतात.

पण एक प्रश्न उरला होता. ज्यांना काहीच दिलं नाही, त्यांना माहीत होतं की आपल्याला काही दिलेलं नाही. ज्यांना सुया मिळाल्या त्यांना कुणीतरी बोलावत होतं, झोपवत होतं, विचारपूस करत होतं. फरक सुईचा की या सगळ्याचा? हे सोडवायला चीनमध्ये मोठा अभ्यास झाला. त्यात त्या स्वीडनच्या बाईही होत्या. 2017 साली तो छापून आला. पीसीओडी असलेल्या, मूल हवं असलेल्या एक हजार बायका. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे चार गट केले. निम्म्यांना खरी सुई, निम्म्यांना खोटी. खोटी म्हणजे दंडाला-खांद्याला, भलत्याच जागी, वरवर टोचलेली, आणि विजेचं नुसतं नाटक. शिवाय निम्म्यांना बीज पिकवणारी क्लोमिफीनची गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. कुणाला काय मिळालंय हे बायकांना सांगितलं नव्हतं. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, चार महिन्यांपर्यंत. म्हणजे मावशींच्या पॅकेजपेक्षा थोडंच कमी.

निकाल नीट ऐका. खरी सुई आणि खरी गोळी: शंभरात 29 जणींना बाळ झालं. खोटी सुई आणि खरी गोळी: शंभरात 28. खरी सुई आणि पोकळ गोळी: शंभरात 14. खोटी सुई आणि पोकळ गोळी: शंभरात 17. गोळीनं आकडा जवळजवळ दुप्पट झाला. सुईनं काहीच फरक पडला नाही. आणि खऱ्या सुईनं काळंनिळं पडण्याची तक्रार मात्र जास्त आली. ज्या देशात ही विद्या जन्मली, तिथल्याच दवाखान्यांत, तिथल्याच तज्ज्ञांच्या हातून हे झालं. ‘टोचणाऱ्याला नीट येत नव्हतं’ असं म्हणायची सोय नाही.

पुढं 2019 साली असे सगळे अभ्यास एकत्र ठेवून पाहिले, तेव्हाही मूल राहण्याच्या बाबतीत सुयांचा उपयोग दाखवता आला नाही. दोन पाळ्यांमधले दिवस कदाचित थोडे कमी होत असतील, पण त्याचाही पुरावा अगदी लेचापेचा.

वजनाचं काय? सुईनं चरबी वितळत नाही. असल्या केंद्रात सुईबरोबर खाण्याचा तक्ता देतात, गोड बंद, तळण बंद, आणि दर आठवड्याला काट्यावर उभं करतात. वजन उतरलं तर ते सुईमुळं की तक्त्यामुळं? मला विचाराल तर तक्ता आणि काटा फुकटात मिळतो. काटा अंगणवाडीतही आहे.

त्या बैठकीत एक बाई तटकन म्हणाली, “पर ताई, माझ्या भाचीला तिसऱ्याच सुईला पाळी आली की!” आली असेल, मी खोटं म्हणत नाही. पण पीसीओडीत पाळी बंद होत नाही, लांबते. चार महिन्यांनी, सहा महिन्यांनी कधीतरी येतेच. आपण इलाजाला कधी निघतो? पुष्कळ महिने वाट बघून जीव टांगणीला लागला की. म्हणजे ती आपोआप यायची वेळही जवळ आलेली असते. त्या आठवड्यात जो कुणी इलाज करत असेल, सुईवाला, काढेवाला, अंगाऱ्यावाला, त्याला श्रेय जातं. पाऊस अगदी तोंडावर आला असताना बेडकाचं लग्न लावलं, तर पाऊस बेडकानंच आणला असं होतं.

तरीही एखादीला सुया घ्यायच्याच असतील, अंग हलकं वाटतं, झोप लागते म्हणून, तर मी हात धरणार नाही. घरात कुणी अर्धा तास निवांत पडू देत नाही, तिथं तरी मिळतो. पण चार गोष्टी बघा. टोचणाऱ्याची परिषदेकडची नोंदणी विचारा. सुया तुमच्यासमोर पाकीट फोडून काढलेल्या आणि वापरून फेकायच्या असल्या पाहिजेत. एकीच्या सुया दुसरीला म्हणजे कावीळ बी आणि एचआयव्हीला आमंत्रण. दिवस राहिलेत का हे आधी तपासा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सांगा. आणि ‘डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा’ म्हणणाऱ्याकडं परत जाऊ नका. पैसे आधी एकरकमी तर मुळीच भरू नका.

आता त्या सुनेकडं येते, कारण खरी काळजी तिचीच होती. सात महिने पाळी नाही. सगळं घर विचारत होतं ‘मूल कधी’, पण आत काय चाललंय हे कुणी विचारत नव्हतं. पाळी येत नाही तेव्हा पिशवीचं आतलं अस्तर झडत नाही, थरावर थर साचत राहतो. वर्षानुवर्षं असं राहिलं तर त्यात कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणून मूल हवं असो वा नसो, निदान तीन महिन्यांतून एकदा अस्तर झडून गेलं पाहिजे. आपोआप नाही तर गोळ्यांनी. या गोळ्या महाग नसतात. दुसरी गोष्ट साखरेची. पीसीओडीत मधुमेह लवकर येतो, विशीत-तिशीत. पण उपाशीपोटीची साखर बऱ्याचदा ठीक निघते, म्हणून ग्लुकोज पाजून दोन तासांनी पुन्हा रक्त तपासतात. ते करून घ्या. थायरॉईडही बघावं लागतं, कारण तेही पाळी लांबवतं.

शाळेतल्या मुलींबद्दल एक सांगायचं राहील म्हणून इथंच सांगते. पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षं ती मागंपुढं होतेच. चौदा-पंधराच्या पोरीची सोनोग्राफी करून ‘पीसीओडी आहे’ असा शिक्का मारून आणू नका. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत सोनोग्राफीवरून हे ठरवू नये, असं आता जगभरचे तज्ज्ञ सांगतात, कारण वाढत्या वयात ओव्हरी तशीच दिसते.

वजनाचं बोलू. आपण भारतीय बायका तुलनेनं कमी वजनालाही साखरेच्या धोक्यात जातो. कंबर बेंबीजवळ मोजा. 80 सेंटीमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, याच्या वर गेली की सावध व्हायचं. पण मन मोडून घेऊ नका. बहात्तरची बावन्न व्हायची गरज नाही. वजनाच्या शंभराला पाच भाग उतरले तरी पुष्कळ जणींचं बीज पिकायला लागतं. बहात्तर किलोला साडेतीन किलो. एवढंच.

ते कुठून उतरणार? सुनेला मी दिवसाचा चहा विचारला. सकाळी उठल्यावर, न्याहारीला, दुपारी, चारला, आणि कुणी आलं की आणखी एक. चार कप धरू, कपाला दोन चमचे साखर. आठ चमचे म्हणजे चाळीस ग्रॅम. महिन्याला सव्वा किलो साखर, नुसत्या चहातून! साखर काय अन् गूळ काय, या हिशेबात दोन्ही सारखेच; आपल्याकडं गुऱ्हाळं आहेत म्हणून गूळ औषध होत नाही. मग उपवास. चतुर्थी, सोमवार, एकादशी, आणि त्याला साबुदाण्याची खिचडी न् बटाटा. तो उपवास नव्हे, मैत्रिणींनो, ती मेजवानी. आपली ज्वारी-बाजरीची भाकरी चांगलीच आहे, सोडू नका. पण तीनच्या दोन करा आणि जागा मटकीच्या उसळीला, हुलग्याच्या माडग्याला, पालेभाजीला, ताकाला द्या. सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं संपवायचं म्हणून खाणारी बाई प्रत्येक घरात असते. अन्न वाया जाऊ नये म्हणून तुमचं पोट हा उकिरडा नव्हे.

“दिवसभर रानात राबते, आणि व्यायाम कशाला?” हे हमखास विचारतात. खुरपायला बसणं कष्टाचं आहे, कंबर मोडते, पण त्यानं धाप लागत नाही. धाप लागेल असं चालणं हवं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही असं. दिवसाला अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस. आणि ज्या रानात राबत नाहीत, घरात मशीनवर बसतात, त्यांना तर हवंच. एकटीला गावात चालायला लाज वाटते, लोक विचारतात ‘कुठं निघालीस?’ चौघी मिळून गेलात की विचारत नाहीत.

औषधंही आहेत. दार जाम झालंय त्यासाठी मेटफॉर्मिन. पाळी वेळेवर यावी आणि केस-पुटकुळ्या कमी व्हाव्यात म्हणून, मूल नको असेल तेव्हा, गर्भनिरोधक गोळ्या. मूल हवं असेल तर आता पहिली गोळी लेट्रोझोल. 2014 साली छापलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात तिनं क्लोमिफीनपेक्षा जास्त बायकांना बाळ झालं. हे सगळं स्त्रीरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, मेडिकलवाल्याला विचारून नव्हे. साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात जा, सांगलीच्या वसंतदादा पाटील रुग्णालयात जा, किंवा आधी तुमच्या आशाताईला सोबत घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

आणि नवरा? मावशींना मी विचारलं, “लेकाची तपासणी झाली का?” सगळी बैठक गप्प झाली. चार वर्षं सुनेच्या पिशवीचे कागद साठले होते, त्याचा एकही नव्हता. त्याची तपासणी सगळ्यात सोपी, सगळ्यात स्वस्त, एका दिवसात होणारी. दोष कुणाचा ते शोधायला नव्हे. पण बीज पिकवायच्या गोळ्या देण्याआधी दुसरी बाजू बघायलाच हवी, नाहीतर सहा महिने फुकट जातात. मावशी म्हणाल्या, “त्याला काय झालंय, चांगला धडधाकट हाय.” मी म्हटलं, “मावशी, सूनही धडधाकटच दिसते.”

कर्जाचं काय झालं ते सांगते. वीस हजारांचा अर्ज मावशींनी मागं घेतला आणि तीन हजारांचा केला, तपासण्यांना आणि जाण्यायेण्याला. एसटीला अर्धं तिकीट असलं तरी चाळीस खेपा म्हणजे चाळीस खाडे, हा हिशेब त्यांनी स्वतःच केला. सुनेची आधी गरोदरपणाची चाचणी केली, नव्हती. मग गोळ्या दिल्या, पाळी आली. ग्लुकोज पाजून बघितलं तर साखर काठावर निघाली. ते कळलं नसतं तर मूल राहिल्यावर कळलं असतं, तेही उशिरा. चहा आता दोन वेळा, बिनसाखरेचा. पहिले पंधरा दिवस तो गोमूत्रासारखा लागला म्हणाली. संक्रांतीपर्यंत काटा अडुसष्टवर आला. फेब्रुवारीत पाळी गोळीशिवाय आली, मार्चमध्ये नाही आली.

नवऱ्याची तपासणी अजून व्हायचीय. ऊस तुटून गेला की येतो म्हणाला होता. ऊस तुटला, आता खोडवा बघतोय. मावशी म्हणाल्यात, पुढच्या सोमवारी मीच त्याला घेऊन येते.